दारातला चोर

सुपे, पौष वद्य २, शके १८४९

तीर्थरूप झिलूदादास, धाकट्या फुलाचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर शाळेतल्या इंदुबाईंचं, बोलणं माझं. तुझे दाजी, म्हणजे आमचे हे, तुरुंगातून सुटून आले. लोकांची कौलं उचलून आत उतरणारा माणूस आता दिवसाउजेडी स्वतःचंच घर शाकारतोय. पण उंबरा ओलांडत नाही. सासूबाईंनी आत घ्यायचं नाही म्हटलंय. जेवण गोठ्यात, पानावर. वर एखादं कौल बाजूला झालं की उजेडाचा तुकडा थेट चुलीपुढे पडतो आणि सासूबाई त्याच्याकडे बघत बसतात. वर कोण आहे ते मात्र विचारत नाहीत. मला सातवा लागलाय. बाळाचा बाप गोठ्यात राहिलेला मला नाही चालणार.

उळवीच्या जत्रेला मायलेक गाडीने येताहेत. तुझा बायस्कोपही तिथेच लागणार म्हणे. चोराचंच चित्र ना? गेल्या वर्षी पडद्याशेजारी उभा राहून त्या मुक्या चोराला काय काय बोलला होतास! मीही पोट धरून हसले होते. या खेपेला जरा सांभाळून बोल.

धाकटीवर माया करतोस, तशी तिच्या घरावरही असू दे.

फुला

हल्याळ, पौष वद्य ११

चि. सौ. फुलास दादाचे भरपूर आशीर्वाद.

अगं, चित्र काही माझ्या हातात नाही, फक्त बोलणं आहे. चोर छपरांवरून चालतो तेव्हा रात्र दाखवायला सगळा पडदा निळा होतो आणि मलासुद्धा वाटतं, हा चोरी करत नाहीये, झोपेत चालतोय. शेवटी तो म्हाताऱ्या आईच्या दारात येतो, हात वर करतो आणि चित्र संपतं. दार उघडतं की नाही ते दाखवलेलंच नाही. मी रोज ओरडून सांगतो की उघडलं नाही, बरी जिरली! तंबू टाळ्यांनी दणाणतो. मालकाने मला त्या टाळ्यांसाठीच ठेवलंय. आणि उघडलं म्हणून सांगावं, तर तुझ्या सासूबाई ओळखतील की हे त्यांच्यासाठीच चाललंय. मग त्या आणखीच हट्टाला पेटतील. काय बोलावं ते सुचत नाही.

तू काळजीने वाळू नकोस. दोन घास जास्त खा, हीच दादाची आज्ञा.

झिलू

उळवी, माघ वद्य १

चि. सौ. फुलास आशीर्वाद.

काल तुझ्या सासूबाई, आपल्या बायजामावशी, आल्या, बायकांच्या बाजूला अगदी पुढे बसल्या. लखूदाजी बसले नाहीत, तंबूच्या दारातल्या खांबाला टेकून उभे. चोर निळ्या छपरांवरून चालला, मी बोलत गेलो. तो दारात आला, हात वर केला, आणि माझी वाचाच बसली. नुसती यंत्राची घरघर. तेवढ्यात तुझ्या सासूबाईंचा आवाज आला. पडद्याकडेच बघत म्हणाल्या की आरं, भायेर कशाला हुबा ऱ्हायलास, दाराला कडी न्हाई, ढकल की.

कोणी हसलं नाही. पडदा पांढरा झाला. खांबाकडे पाहिलं तर दाजी नव्हते, बैलांकडे गेले म्हणे. त्यांनी ऐकलं का, मावशी नक्की कोणाशी बोलल्या, मला काही कळलं नाही. टाळ्या पडल्या नाहीत म्हणून मालक चिडलाय. चिडू दे.

घरी काय झालं ते लगेच कळव, जीव टांगणीला लागलाय.

झिलू

सुपे, माघ वद्य ६

तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि.

गाडी दुपारी आली. सासूबाई उतरल्या, पाय धुऊन आत गेल्या, चुलीपुढे बसल्या. हे बैल सोडून नेहमीसारखे गोठ्याकडे निघाले. मला रडूच आलं. मग सासूबाईंनी मला हाक मारली आणि म्हणाल्या की चुलीवरचं कौल सरकलंय, वरनं दिसायचं न्हाई, लखूला आतनं बघाय सांग.

मी जाऊन सांगितलं. हे आले, उंबऱ्याशी जरा थांबले, मग आत येऊन मान वर करून कितीतरी वेळ उभे राहिले. सासूबाईंनी भाकरी थापायला घेतली, तीन माणसांची.

दादा, कौल एकही सरकलेलं नव्हतं.

बारशाला ये. आम्ही सगळे आत बसून तुझी वाट बघतो.

फुला