हॉलखालचा पाया

पप्पा, तुमचा राग आलाय म्हणून लिहायला बसले आहे. राग आणि थोडं हसूही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता कुठे तुमची एक लबाडी माझ्या हाती लागली.

दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आपण गाझियाबादला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि शेतांत बिल्डरांच्या पाट्या. देशात नवं वारं सुटलं होतं. रोज कुणाचा तरी सामानाचा ट्रक येऊन थांबायचा. चर्च मात्र नव्हतं. कुणाच्या तरी घरी सोफे सरकवून मिस्सेची प्रार्थना व्हायची. मल्याळी नर्सेस, झारखंडची कुटुंबं, आणि मराठी म्हणाल तर आपणच तेवढे. मग जमीन मिळाली आणि फादरांनी बांधकाम तुमच्यावर सोपवलं, कारण सरकारी इमारती बांधण्यातच तुमची हयात गेली होती. ठरलं असं, की आधी एक हॉल. आठवडाभर त्यात शाळा, रविवारी मिस्सा, आणि पुढे शेजारी खरंखुरं चर्च. आई त्या चर्चकडे डोळे लावून बसली होती. ती लहानपणी जाई तसं उंच छताचं, गार फरशीचं चर्च तिला इथेही हवं होतं.

रविवारची सकाळ आहे. आपण सगळे के.जी.च्या बाकांवर बसलोय, गुडघे हनुवटीला टेकलेले. वेदीमागच्या फळ्यावर पडदा आहे आणि त्याच्या फटीतून रंगीत खडूंनी काढलेला अर्धा हत्ती दिसतोय. गुडघ्यांवरून उठायला आईला माझा खांदा लागतो. मिस्सा संपली की ती फादरांना गाठते. "फादर, हमारा चर्च कब बनेगा?" फादर केरळचे, स्वभावाने लोण्यासारखे. "बनेगा बहनजी, बिल्कुल बनेगा. मगर इस साल भी कितने बच्चों को वापस भेजना पड़ा. ऊपर एक मंज़िल और डाल दें?" ते तुमच्याकडे बघतात. तुम्ही मोठा सुस्कारा सोडता. "अच्छा फादर, देखता हूँ." की चढला मजला! पुढे आणखी एक. वस्ती वाढत गेली, काचेची ऑफिसं आली, आणि प्रवेशाच्या दिवसांत शाळेच्या दारात रांग लागू लागली. त्या रांगेत मोठ्या गाड्यांतले लोक असत आणि त्यांच्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या, रविवारी आपल्या बाकावर बसणाऱ्या झारखंडच्या बायाही.

एकदा पोळ्या लाटता लाटता आईने तुम्हाला झाडलं. "एकदा तरी नाही म्हणा ना त्या फादरना! तुमच्या भिडस्तपणापायी माझं चर्च राहिलं." तुम्ही ताटात बघत म्हणालात, "माझं कोण ऐकतंय गं?" मला तुमची इतकी कीव आली, की दुसऱ्या दिवसापासून मी फादरांशी बोलणंच टाकलं.

तुमची शेवटची मिस्साही त्याच हॉलमध्ये झाली. माझ्यासाठी शाळा बंद ठेवू नका, असं तुम्ही सांगून ठेवलं होतं. वर मुलं पाढे म्हणत होती, खाली शवपेटीत तुम्ही. आई माझ्या कानात म्हणाली, "बघ, शेवटपर्यंत चर्च नाही दिलं माझ्या माणसाला." मला रडू आवरेना.

आता शेजारी चर्च बांधायला घेतलंय. परवा हॉलच्या भिंतीलगत खोदकाम झालं. पुण्याहून नोकरीसाठी आलेली एक तरुण इंजिनियर कामावर आहे. तिने वाकून बघितलं आणि विचारलं, "हॉल कोणी बांधला?" माझ्या वडिलांनी, मी सांगितलं. "मग त्यांचं सगळं आधीच ठरलेलं होतं. एकमजली हॉलला एवढा पाया कोण घालतं? हा पहिल्या दिवसापासून तीन मजल्यांचा आहे."

मला बापडीला वाटायचं, मजले असेच एकावर एक चढवता येतात. मी खड्ड्याकाठी उभी राहिले आणि हसूच फुटलं. तुम्ही हरला नव्हतातच! शाळा वाढवायची हे तुम्ही जमीन खणतानाच ठरवलं होतंत. ते सुस्कारे, ते "माझं कोण ऐकतंय", सगळं नाटक. आईला तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून बंदूक फादरांच्या खांद्यावर ठेवलीत. त्यांनीही ती मुकाट्याने ठेवू दिली. फसवलंत पप्पा, मलाही. पण रांगेतल्या त्या बायांपैकी एकीची मुलगी आज वरच्या मजल्यावर गणित शिकवते, आणि तिला पाहिलं की तुमच्यावर फार वेळ रागावता येत नाही.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही, आणि हे पत्रही तिच्या हाती लागू देणार नाही. फादर तुमच्या मागोमाग गेले, तरी ती रोज जेवताना त्यांच्याशी भांडते. "साधा माणूस बघून फसवलं हो माझ्या नवऱ्याला," म्हणते आणि मग ताट वाळेपर्यंत तुमच्याबद्दल बोलत राहते. एरवी ती हल्ली फारशी बोलत नाही. मी म्हणते, "खरंच गं आई, फार साधे होते."