आईंचा उपोसथ

१० ऑगस्ट, रविवार

आई वाचल्या! हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात तरी उचलेल.

सासूला मी आईच म्हणते. आईला असं कोणी करतं का?

काल श्रावण पौर्णिमा, वर्षावासातला उपोसथ, म्हणजे व्रताचा दिवस. अष्टशील घेतलं की दुपारी बारानंतर अन्न नाही. आईंना कितीतरी वर्षांची शुगर, त्या कधीच घेत नाहीत. या वेळी घेतलं — मी घ्यायला लावलं! ध्यानाचं शिबिर करून आल्यापासून मला सगळ्या जगाला सुधरवायची घाई. "आई, एकवेळ जेवण म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचं विज्ञान आहे. आता डॉक्टरही तेच सांगतात." कोणता डॉक्टर? मोबाइलमधला!

संध्याकाळी त्या गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या. "पल्लवी, हे जेवनाआंधीची गोळी हाय. जेवन तं नाही आज. घेऊ का नोको?"

"घ्या," मी म्हटलं. "औषध चालतं, अन्न चालत नाही."

नियम बरोबर होता. पाठ आहे म्हणून किती खूश झाले होते मी! शहाणी!

११ ऑगस्ट

पुढचं काल लिहवलं नाही.

विहारात ध्यान मीच घेत होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आई माझ्या शेजारी. त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. कानाशी आल्या — "पोरी, मले कसंतरीच होऊन राह्यलं."

मी त्यांचा हात धरला आणि पुटपुटले, "बोलू नका आई. फक्त पाहत राहा. निघून जाईल."

मला वाटलं, त्यांना ध्यान लागलं! खरंच वाटलं. वर मनात गुदगुल्या — माझी सासू, आणि पहिल्याच बैठकीत एवढी प्रगती!

मग त्या माझ्या मांडीवर कोसळल्या.

शेजारच्या जगदेवभाऊंनी जीप काढली. मालेगावात सलाइन लावलं, तिथून वाशिम. गोळी पोटात, अन्न नाही; साखर पार खाली गेलेली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर...

१२ ऑगस्ट

माझा नवरा प्रसेनजित त्या दिवशी शेलूबाजारकडे विजेच्या लाइनच्या कामावर होता. दवाखान्यात आला तो आईंवरच ओरडत. "माय, तुले काही समजते का नाही? कोनं सांगतलं होतं उपाशी राहाले?"

आईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "कोनी नाही. माह्याच मनानं धरलं. पल्लवी तं नोको नोको म्हने."

मी चहाचा थर्मास घेऊन उभी. तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तो माझ्याकडं वळला — "मंग तुह्यं काहून नाही ऐकलं हिनं?"

मी खांदे उडवले.

खांदे!!

१५ ऑगस्ट

माझ्या शाळेतलं झेंडावंदन आटोपून घरी आले तर आईंना दवाखान्यातून सोडलेलं. प्रसेनजित त्यांना तोडून बोलतो. पाणी मागितलं तर म्हणे, "काहून, आज नाही का उपास?" त्या हसण्यावारी नेतात. मी खाली मान घालून भाकर मोडत बसले. खाल्ली सगळी.

१७ ऑगस्ट, रविवार

विहारात चंपाबाई सगळ्यांसमोर उठून म्हणाल्या, "ध्यानाच्या ताकदीनंच वाचली लिलाबाई! पल्लवीनं शेवटलोग हात सोडला नाही तिचा." सगळे साधु, साधु, साधु म्हणाले. मी हात जोडले. वर मान थोडी झुकवली, विनम्रपणे. किती निर्लज्ज व्हावं माणसानं!

घरी येऊन बसून पाहिलं. श्वास आत, श्वास बाहेर. लगेच उठले. डोळे मिटले की कानाशी तेच — मले कसंतरीच होऊन राह्यलं.

१९ ऑगस्ट

भंतेजी भेटले. सहज विचारल्यासारखं विचारलं, आजारी माणसानं अष्टशील घ्यावं का. "आजाऱ्याले पाच शील पुरे हायत बाई. शरीर मोडून कोनता धम्म होते?"

एवढं साधं होतं. आधी विचारायला काय झालं होतं मला? पण विचारणार कशी — मीच तर सगळ्यांना सांगत फिरत होते!

२४ ऑगस्ट

शिरपूरला बचत गटात व्याख्यान, 'प्राचीन ज्ञान आणि निरोगी जीवन'. कधीचं ठरलेलं. रद्द करायचं तर कारण सांगावं लागलं असतं. गेले.

बोलले बरं. टाळ्याही झाल्या. मग मागून एक बाई उठल्या, "ताई, मले बी शुगर हाय. म्या बी एक टाइम जेवू का?"

"अजिबात नाही!" जवळजवळ किंचाळलेच. सगळ्या दचकल्या.

"काहून?"

"डॉक्टरांना विचारा," म्हटलं, आणि बसची वेळ झाली सांगून निघाले. बसला कितीतरी वेळ होता. स्टँडवर बसून रडले. शेजारच्या आजीनं विचारलं, माहेरचं कोणी गेलं का.

३० ऑगस्ट

आईंच्या पायाला तेल लावत होते. म्हटलं, "आई, मी सांगते यांना. माझ्यामुळं झालं म्हणून."

त्यांनी पाय ओढून घेतला. "कायले? त्याचा राग तुले मालूम नाही का? माह्यावर चार दिस बोंबलन. तुह्यावर जलमभर धरून बसन. गप राय."

आणि मला — लिहायचीसुद्धा लाज वाटते — सुटल्यासारखं वाटलं. आईच म्हणतात, गप्प राहा! मग कसं, मोठ्यांचं ऐकायला नको? दुसऱ्या पायाला जास्तच मन लावून तेल चोळलं.

७ सप्टेंबर, पौर्णिमा

आई आजारपणानंतर आज पहिल्यांदा विहारात आल्या. माईक माझ्याकडं, पंचशील मी सांगत होते. त्या पहिलं शील म्हणाल्या, दुसरं, तिसरं. चौथं आलं — खोटं न बोलण्याचं — तर ओठ मिटलेले. पाचवं पुन्हा म्हणाल्या. वाटलं, दम लागला असेल.

घरी येताना विचारलं.

"दवाखान्यापासून थे शील घेतलंच नाही म्या. घरी बी नाही. पोराजवळ खोटं बोलली न. आता कोन्या तोंडानं घेऊ?"

मी रोज घेते. आज तर माईकवरून सगळ्यांना दिलं.

प्रसेनजित अंगणात गाडी धुतोय. जाते.