सासूबाईंची सहाची किटली

चिरंजीव सूनबाई,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत हे तुला कळवण्यात काही अर्थ नाही, कारण हल्ली ते आमच्याआधी तुला कळतं. तरी पत्राची म्हणून एक रीत असते, म्हणून लिहितो. तुझ्या सासूबाईंचं मनगट बरंच सुधारलं आहे (बरणीचं झाकण उघडता येतं, पण येतं हे मला अजून अधिकृतपणे सांगण्यात आलेलं नाही), माझा खोकला गेला, आणि बाथरूममधला ओलावा काल संध्याकाळी एकसष्ट टक्के होता. हे शेवटचं वाक्य मी कधी कुणाला पत्रात लिहीन असं वाटलं नव्हतं. आमचे चिरंजीव, म्हणजे तुझे नवरोजी, जहाजावर आहेत आणि जहाज पाण्यात आहे, एवढीच माहिती आमच्याकडे आहे. तुझ्याकडे जास्त असल्यास कळवावी. तुझी तब्येत कशी आहे? (हा प्रश्न रीत म्हणून विचारलेला नाही. नीट लिही.)

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, सिस्टीम कशी चाललीय?" आणि मी म्हणालो, "झकास." त्या एका शब्दाखाली मी बरंच काही दडपलं. ते आता सविस्तर लिहितो, कारण फोनवर बोलताना तुझ्या सासूबाई शेजारी बसून मला कोपराने ढोसतात. पत्र लिहिताना त्या दुसऱ्या खोलीत असतात.

तर, सासूबाई बाथरूममध्ये घसरून मनगटावर पडल्या, तू रजा टाकून धावत आलीस आणि जाताना आमच्या घरात ती साबणदाणीएवढी डबी ठेवून गेलीस, इथपर्यंत तुला माहीतच आहे. दाराला सेन्सर, फ्रिजला सेन्सर, किटलीच्या प्लगला सेन्सर, बाथरूममध्ये ओलावा मोजणारा आणि हॉलच्या कोपऱ्यात माणसाची हालचाल ओळखणारा तो पांढरा डोळा. तू आम्हाला समजावून सांगितलंस की यात कॅमेरा नाही, कुठल्या कंपनीकडे काही जात नाही, सगळा हिशेब आपल्याच घरात, आपल्याच डबीत राहतो. हे सासूबाईंना फार आवडलं. "म्हणजे घरातली गोष्ट घरात," म्हणाल्या. मला मात्र एक शंका होती. हा सगळा प्रोग्राम जगभरच्या लोकांनी फुकट लिहिला आणि वर तो कुणीही उघडून बघावा म्हणून उघडा ठेवला, हे मला पटेना. लोक फुकट कशाला राबतील? तर सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही नाही का, लग्नकार्यात दिसेल त्याच्या चष्म्याचे स्क्रू आवळत फिरता?" चष्म्याच्या दुकानात माझा जन्म गेला, त्यामुळे शंका मागे घेतली.

तू गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी घरात नाटक सुरू झालं. सासूबाई हॉलमध्ये येण्याआधी केस नीट करू लागल्या. मी म्हटलं, अहो, त्याला फक्त कुणीतरी हललं एवढंच कळतं. तर म्हणाल्या, "हलणारी बाई गबाळी असलेली मला चालणार नाही." हे एक वेळ परवडलं. खरा घोटाळा किटलीचा. सकाळी किटली चालू झाली की तुला तिकडे कळतं, हे तू त्यांना प्रेमानेच सांगितलं होतंस, पण त्यांना त्यात वेगळंच काही ऐकू आलं. आता तुला घरातलं एक गुपित सांगतो. तुझ्या सासूबाई नोकरीतून निवृत्त झाल्यापासून साडेआठच्या आधी डोळा उघडत नाहीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वर्षानुवर्षं पहाटेच्या पाळ्या केल्यावर तो त्यांचा हक्कच आहे. पण सुनेने तिकडे बसून सासू साडेआठला उठते हे बघायचं? छे! मग काय, मला हुकूम निघाला. सहाला उठायचं, किटली लावायची, फ्रिज दोनदा उघडायचा, हॉलमध्ये येरझाऱ्या घालायच्या आणि मग परत झोपायला हरकत नाही. (परत झोप लागत नाही, ही बाब विचारात घेतली गेली नाही.) तेव्हा एकदा तू कौतुकाने म्हणालीस ना, की "आईंची उठायची वेळ किती पक्की आहे", ती वेळ माझी होती. त्यानंतर सासूबाईंनी दिवसभर माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर ओळखणारा सेन्सर अजून निघालेला नाही.

आता कुलूप फोडल्याच्या प्रकरणाकडे येतो. त्या दिवशी घराकडून एकाएकी काहीच निरोप येईना, आम्ही फोन उचलेना, म्हणून तू घाबरून खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केलास, हे तुला माहीत आहे. वीज गेली होती असं मी तुला सांगितलं. वीज गेली नव्हती. माझ्या दुकानातल्या जुन्या सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता, पॅन्टला इस्त्री हवी होती आणि जवळचा प्लग डबीने अडवला होता. मी डबीचा प्लग काढला, इस्त्रीचा घातला, पॅन्ट चढवली आणि आम्ही दोघं निघालो. दोघांचे फोन मुद्दाम घरी ठेवले होते, कारण मागच्या समारंभात माझा भाषणात वाजला होता. आम्ही हार-तुरे बघून घरी आलो तो दार सताड उघडं, लॅचचं कुलूप उचकटून जमिनीवर, डॉक्टरीणबाई पांढऱ्या कोटात टॉर्च घेऊन पलंगाखाली वाकलेल्या आणि किल्लीवाला आमच्याच स्वयंपाकघरात हात धूत उभा. सोफ्यावर एक परका गृहस्थ गालाला हात लावून बसलेला. ते डॉक्टरीणबाईंचे पेशंट. इंजेक्शन देऊन झालं होतं, दात काढायचा बाकी होता, आणि बाई पळत सुटल्या तसे तेही मागोमाग वर आले. आम्हाला बघून ते उठले आणि अर्ध्या बधिर तोंडाने म्हणाले, "आहाऽ ओघे जिहंत!" त्यांना खरोखर आनंद झाला होता. आजवर माझ्या जिवंत असण्याचा इतका आनंद झालेला परका माणूस मला भेटला नव्हता. सासूबाईंनी सगळ्यांना चहा केला. पेशंटचा निम्मा सदऱ्यावर सांडला.

पुन्हा असं व्हायला नको म्हणून मी त्या प्रोग्रामवाल्यांच्या गप्पांच्या पानावर जाऊन माझ्या इंग्रजीत लिहिलं की मी इस्त्री केली की माझं घर मरतं, काय करावं? मला वाटलं, हसतील. तासाभरात उत्तर आलं. नाव नाही, गाव नाही, नावाच्या जागी घुबडाचं चित्र. त्या घुबडाने मला डबीला वेगळा प्लग कसा द्यावा, छोटी बॅटरी कुठली जोडावी, हे चित्रं काढून समजावलं आणि शेवटी विचारलं, की तुमची पत्नी ठीक आहे ना? सूनबाई, कोण कुठलं घुबड, पण त्याने आपली संध्याकाळ खर्चून माझ्या इस्त्रीचा विचार केला. मला राहवेना. मी विचारलं, याची परतफेड कशी करू? घुबड म्हणालं, तुमच्या भाषेतलं भाषांतर अर्धवट पडलंय, ते करा.

त्या दिवसापासून आमच्या घरात बेशिस्तीचा एक नवा प्रकार सुरू झाला. जेवणाच्या टेबलावर तू दिलेला टॅबलेट उभा, समोर मी आणि शेजारी तुझ्या सासूबाई. मी "अनुपलब्ध" असा शब्द वाचला, तर म्हणाल्या, "हे कोण बोलतं? सरळ 'लागत नाही' म्हणा. मी जन्मभर लोकांना तेच सांगितलं, सगळ्यांना कळायचं." "उपकरण प्रतिसाद देत नाही" याचं त्यांनी "हाक मारली, ओ देत नाही" असं केलं. "गती आढळली" याचं झालं "कोणीतरी आहे." तिकडे हे सगळं तपासणारी एक मराठी मुलगी आहे, ती बिचारी फार अदबीने लिहिते. तिने कळवलं की शब्द छान आहेत, पण जरा घरगुती वाटतात. सासूबाईंनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं: "अगं, घरातच तर लावायचंय!" शब्द मंजूर झाले. आता कुठल्या कुठल्या घरांमध्ये तुझ्या सासूबाई बोलत असतात, आणि त्या घरातल्यांना पत्ताही नाही. त्या मात्र संध्याकाळी गच्चीवर उभ्या राहून समोरच्या खिडक्यांकडे मालकिणीसारख्या बघतात.

असो. पत्र फार लांबलं. लोभ आहेच, तो असावा असं वेगळं मागत नाही. वेळच्या वेळी जेवत जा.

तुझे,
बाबा

ता. क. इतकं लांबण लावलं, कारण खरी गोष्ट लिहायला हात धजत नव्हता. भाषांतर नीट दिसतंय का हे बघायला आम्ही टॅबलेटवरचं एकेक पान उघडत होतो. तू आम्हाला शिकवताना नमुना म्हणून तुझं घर दाखवलं होतंस, ते तसंच राहून गेलंय, आणि ते उघडलं. तुझं दार शनिवारपासून बंद. हॉलमध्ये रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणीतरी आहे. स्वयंपाकघरात कोणी नाही. मी पुढे बघणार तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, "ठेवा खाली. दुसऱ्याची लाईन आहे ती." आणि टॅबलेट कपाटात चादरींखाली टाकून दिला. एक्स्चेंजमध्ये असताना कुणाचं अर्धं वाक्य जरी कानावर पडलं तरी त्या बाजूला व्हायच्या. त्यातलं कधी मलासुद्धा सांगितलं नाही. म्हणून मीही टॅबलेट परत काढला नाही. पण संध्याकाळी त्यांनीच तुला फोन लावला. तू म्हणालीस, आत्ताच ऑफिसातून आले, फार काम आहे. त्या म्हणाल्या, "बरं, जेवून घे." फोन ठेवल्यावर त्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाल्या, "हा दिवसभर कुणाशीही न बोललेल्या माणसाचा आवाज आहे. मी ओळखते."

ता. क. पुन्हा. नोकरी गेली असेल, बरं वाटत नसेल, आमच्या चिरंजिवांशी भांडण झालं असेल (तसं असल्यास आम्ही न विचारता तुझ्या बाजूचे आहोत), नाहीतर यातलं काहीच नसेल आणि नुसतंच उठावंसं वाटत नसेल. सांगायचं नसेल तर सांगू नकोस. या पत्रामागे मागणं एकच. आमच्यासमोर खुशाल असण्याची सक्ती स्वतःवर करू नकोस. आणि तुझं घर आमच्या टॅबलेटवरून काढून टाक. कसं काढायचं ते मला सापडलं नाही, आणि ते घुबडाला विचारणं बरं दिसलं नसतं.

ता. क. हे अक्षर माझं आहे, आईचं. मी यांना बजावलं होतं की त्यातलं काही लिहू नका, पण यांच्या पोटात राहिलं तर ना. हे तर पत्र पोस्टात टाकायला निघाले होते, मी काढून घेतलं. पोस्टाला फार दिवस लागतात. मनगट दाखवायला तुझ्या गावच्या डॉक्टरकडे यायचंय असं मी तुला सांगणार होते, पण उगाच खोटं कशाला बोलायचं? मनगट चांगलं आहे, बॅग मीच उचलून आणलीय. यांना घरी ठेवलंय. तू हे वाचत असशील तेव्हा मी समोर बसलेली असेन आणि खिडकीबाहेर बघतेय असं दाखवत असेन. वाचून झालं की लगेच काही बोलायलाच हवं असं नाही. मी परतीचं तिकीट काढलेलं नाही. तुझ्या बाथरूममध्ये गरम पाणी काढूनच हे लिहायला बसले, ते निवतंय. आधी आंघोळ करून ये.