लाईट गेली नव्हती

आण्णा,

काल माळ्यावरची तुमची पत्र्याची पेटी खाली काढली. आत काय असणार हे ठाऊक होतं, तरी तुमच्यामागं ती उघडायला मला अठरा वर्षं लागली. तुमचा टीव्ही गेमचा डबा, त्याची पिवळी कॅसेट, काळ्या टेपनं वायर गुंडाळलेला रिमोट, तुमचा पहिला कॅमेऱ्याचा मोबाईल आणि ते लाल आकड्यांचं घड्याळ. हे पत्र त्या घड्याळामुळं लिहिते आहे. पण इतकी वर्षं जी गोष्ट पोटात ठेवली ती आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. त्या मंगळवारी लाईट गेली नव्हती, आण्णा. तुमचा गेम मी बंद केला होता.

उद्यमनगरातल्या कारखान्यांना सोमवारची सुट्टी. सगळं जग रविवारी घरी आणि तुम्ही त्या दिवशी लेथवर. त्यामुळं आमच्या शाळेच्या दिवशी तुमची चैन असायची. मी दप्तर भरत असायची तोवर तुम्ही स्टीलचा डबा मोपेडला अडकवून मिसळीचा कट आणायला निघालेले असायचा. उचगावातून शहरात जायचं, तिथं स्वतः एक प्लेट खायची, वर आमच्यासाठी डबा भरून आणायचा, आणि घरी आल्यावर आम्हाला सोबत म्हणून पुन्हा अर्धी प्लेट. "हितं खाल्लेली मोजत न्हाईत," असं तुमचं शास्त्र होतं. ब्रेडच्या स्लाईसला कट लावताना कपाळावर घाम आला की तुम्ही समाधानानं मान हलवायचा. घाम आला नाही तर "आज हात आखडलाय वस्तादानं" म्हणून दिवसभर कुरकुर.

मग नऊ वाजता गेम. कामगार माणूस, कानशिलं पांढरी व्हायला लागलेली, आणि टीव्हीपुढं मांडी घालून पोरासारखा बसलेला, याची गल्लीत चेष्टा व्हायची. शेजारचे काका दारातून म्हणायचे, "काय, आज किती मगरी मारल्यासा?" तुम्ही नजर न हलवता उत्तर द्यायचा, "तुमी पत्त्यात पैसं घालवतासा, मी मगरीत येळ घालवतो. स्वस्त पडतंय." त्या गेममध्ये एक बुटका नावाडी, त्याची होडी, नदीत मगरी आणि भोवरे, काठावरून येणारे दगड, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी वाट अडवून उभा असलेला धिप्पाड राखणदार. मगरींना तुम्ही "पावणं" म्हणायचा. "सरकतासा का जरा, पावणं?" राखणदार मात्र पैलवान. त्याच्याशी बोलताना तुमचा आवाज आपोआप अदबीचा व्हायचा, आणि हरलात तर "दमाचा गडी हाय" म्हणून त्याचं कौतुकही करायचा. आत्या जयसिंगपुरातून भडंग पाठवायची. ते तुम्ही चमच्यानं खायचा, कारण बोटाचं तेल बटणाला लागलं की होडी घसरते. चमच्यानं भडंग खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या गेमला बारा टप्पे होते आणि थांबलो तिथून पुन्हा सुरू करायची सोय नव्हती. बंद केला की परत पहिल्यापासून. टप्प्यांना तुम्ही यत्ता म्हणायचा. शाळेत दहावीला दोनदा गणितात आपटलात आणि तिसऱ्या वेळी आजोबांनी थेट लेथवर उभं केलं, हे तुम्ही हसतहसत सांगायचा, पण दर वर्षी निकालाच्या दिवशी पेपरातले पोरांचे फोटो बराच वेळ बघत बसायचा. दहावा टप्पा पहिल्यांदा पार झाला तेव्हा तुम्ही आत आईला हाक मारून सांगितलं, "आगं, दहावी निघाली." आई पोळपाट लाटणं टाकून बाहेर आली. तिला खरंच वाटलं, कुणाचा तरी निकाल लागला.

सोमवारी यत्ता अर्धी राहिली की तुम्ही गेम तसाच थांबवून ठेवायचा. टीव्ही बंद, पण डब्याचा लाल दिवा चालू. मंगळवारी कामावरून आल्यावर तिथूनच पुढं. अडाप्टर तापतो म्हणून कारखान्यातल्या अल्युमिनियमच्या तुकड्याला लेथवर खाचा पाडून तुम्ही त्याला बैठक करून आणली होती. त्या डब्याच्या बटणाला हात लावायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. आई संध्याकाळी देवापुढं उदबत्ती लावायची आणि दिव्याकडं बघून म्हणायची, "ह्याला बी ववाळू का? देवापरीस हाच जास्त जागा असतोय." पण केर काढताना तीही तेवढा कोपरा सोडून द्यायची.

मी पाचवीत होते. शाळेचं गॅदरिंग सोमवारी आलं. आमच्या वर्गाची लेझीम होती आणि मी पहिल्या ओळीत. तुमच्या सुट्टीच्या दिवशी शाळेत काही असण्याची ती पहिलीच वेळ, म्हणून मी महिनाभर नाचत होते ते लेझमीपेक्षा त्या आनंदानं. "येतो की. चारला म्हंजे साडेतीनला तुझ्या म्होरं हाय," असं तुम्ही म्हणाला होता. आई आली. तुम्ही आलात सहाला, बक्षिसं वाटून होत आली होती तेव्हा, हातात भेळेचा पुडा. आणि माझं तोंड न बघताच म्हणालात, "बारावीत गेलो, पोरी. आता शेवटचा पैलवान ऱ्हायलाय."

मी भेळ खाल्ली नाही. तुम्हाला ते घरी आल्यावर कळलं. "एवढं काय त्यात? पुढल्या वर्साला बघतो की," एवढंच म्हणालात, आणि मी पाय आपटत गेले तर पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर घरात कोणी नव्हतं, आई गिरणीत गेलेली. कोपऱ्यात लाल दिवा चालू. त्या दिव्यात तुमची बारावी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच बटण दाबलं. दिवा गेला. लगेच परत दाबलं, टीव्ही लावला, तर होडी पहिल्या यत्तेच्या काठाला डुलत उभी. मी टीव्ही बंद केला आणि वही काढून बसले. एक ओळही लिहिली नाही.

तुम्ही आलात, हात धुतलेत, चहा घेण्याआधी टीव्ही लावलात. होडी पहिल्या काठाला. मी वहीतून डोकं वर न काढता म्हटलं, "आण्णा, लाईट गेलती." तुम्ही टीव्हीच्या वर बघितलंत, बराच वेळ, आणि म्हणालात, "सव्वासा वाजल्यात. ऊठ, दूध पिऊन येऊ." आई तेवढ्यात पीठ घेऊन आली, तिला म्हणालात, "लाईटनं घात केला बघ. बारावी गेली." ती हळहळली, माझ्यापेक्षा जास्त.

शहरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून पेला हातात द्यायचे. तुम्ही मला मोठा पेला घेतलात. माझ्या ओठावर फेस आलेला रुमालानं पुसलात आणि म्हशीकडं बघत म्हणालात, "गेलं ते गेलं. पुढल्या टायमाला मी पयल्या वळीत बसतो बघ." मला वाटलं, बरं झालं, यांना काही कळलं नाही. गार वारं होतं आणि मी मोपेडवर तुमच्या पाठीला चिकटून बसले होते. पुढच्या गॅदरिंगला तुम्ही खाडा करून आलात, कार्यक्रमाच्या दीड तास आधी. शिपाई सतरंज्या अंथरत होते आणि तुम्ही त्यांना एक टोक धरून मदत करत होता. त्यानंतर माझं एकही गॅदरिंग तुम्ही चुकवलं नाहीत.

गेम मात्र पुन्हा कधी बारावीपर्यंत गेला नाही. आठवी, नववी, की संपलं. मग कॅसेटच धरेना. तुम्ही तिच्यात फुंकर मारायचा, खोडरबरानं पट्टी घासायचा, शेवटी डबा पेटीत गेला. मी खरीखुरी बारावी झाले तेव्हा उद्यमनगरात पेढे वाटून आलात आणि म्हणालात, "घरात एक बारावी झाली, बास झालं."

मग मोबाईल आला तुमच्या हाती. कॅमेऱ्याचा. मी पुण्याला हॉस्टेलवर होते आणि माझ्या फोनवर फोटो येत नव्हते, म्हणून तुम्ही दर सोमवारी मिसळीचा फोटो काढून साठवून ठेवायचा आणि मी सुट्टीला आले की एकेक दाखवायचा. "ही पावसातली. ही बघ, हिला तर्री कशी आलीया." सगळ्या मला सारख्याच दिसायच्या. मिसळवाल्यानं तुम्हाला एकदा विचारलं होतं, फोटो कशाला, तुम्ही सरकारी माणूस आहात काय? तुम्ही म्हणालात, "पोरगी लांब हाय, तिला वास तर न्हाय पाठवता येत." फोनमधली जागा भरली की कुठली मिसळ पुसायची यावर तुमचा सगळा आठवडा जायचा. काल तो फोन चार्जिंगला लावून पाहिला. चालू झाला नाही.

घड्याळ मात्र चालू झालं. माझी लेक आता तेव्हाच्या माझ्याएवढी आहे, तिनंच पिन लावली, आणि बारा, शून्य शून्य असे लाल आकडे लुकलुकायला लागले. ती म्हणाली, "आई, हे असं काय करतंय?" मी म्हटलं, "जुनं आहे गं, त्याच्या आत सेल नाही. एकदा लाईट गेली की ते बारावर जाऊन लुकलुकत बसतं. मग दोन बटणं एकदम दाबून वेळ लावावी लागते. ते फक्त तुझ्या आजोबांना..." आणि मी तिथंच थांबले. लेक तोंडाकडं बघत राहिली.

ते घड्याळ टीव्हीच्या वर असायचं. त्या मंगळवारी तुम्ही त्यातच सव्वासहा वाचलेत. लुकलुकत नव्हतं ते, बरोबर चालू होतं. ती दोन बटणं मला दाबता येत नव्हती, आईलाही नाही. म्हणजे मी वहीत डोकं खुपसून खोटं बोलले आणि तुम्हाला त्याच क्षणी कळलं, आणि तुम्ही मला दूध पाजायला घेऊन गेलात. अडाप्टर तापतो म्हणून लेथ चालवणारा माणूस, लाईटनं बारावी गेल्यावरही काहीच करत नाही, एखादी जुनी बॅटरीसुद्धा आणून जोडत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी सुटले या आनंदात होते. आईला तुम्ही शेवटपर्यंत लाईटचंच सांगितलंत. आजही ती तेच म्हणते. काल मला तुमचा इतका राग आला, आण्णा. एकदा विचारायचं होतं, दोन रट्टे द्यायचे होते. मी रडून मोकळी झाले असते. आणि रागामागून जे आलं त्यात पेटीपुढंच बसून राहिले, लेकीनं कुकर बंद केला.

शेवटचा पैलवान कसा दिसतो ते आता फोनवर दोन मिनिटांत बघता येईल. कुणीतरी टाकलेलं असणारच. लेक म्हणाली, बघूया. मी नको म्हटलं. तुम्ही नाही बघितलात, मीही नाही बघणार, एवढी तरी बरोबरी.

हा कागद मी कॅसेटखाली ठेवणार आहे आणि पेटी परत माळ्यावर. पण एक राहिलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरून म्हणाला होता, "सगळं बघितलं तुझं. तेवढी लेझीम ऱ्हायली बघायची." तेव्हा तरी त्या लेझमीचं खरं सांगायला हवं होतं. ते तुम्हाला कुठल्याच घड्याळात दिसलेलं नाही, आणि आईलाही मीच शपथ घालून गप्प ठेवलं होतं. त्या सोमवारी दुसऱ्याच फेरीत माझा ठेका चुकला, मागची पोरगी माझ्यावर आदळली, बाई पडद्याआडून हातवारे करत होत्या आणि मी लेझीम छातीशी धरून पहिल्या ओळीत नुसती उभी होते. उभ्याउभ्या मी लोकांत तुम्हाला शोधलं. तुम्ही कुठंच दिसला नाहीत, आणि मला हायसं वाटलं होतं.