चादरीला नीळ जास्त झाली

१२ जानेवारी

शी! अख्खी दुपार वाया गेली, वर पँटही. खुर्चीला कुणीतरी चघळून च्युइंगगम चिकटवून ठेवलं होतं. पँटवरचं बर्फाने निघेल. डोक्यातलं कशाने काढायचं?

पोलिसाचा चित्रपट. हिरो चिखलात लोळतो, गुंडांना लोळवतो आणि पुढच्याच क्षणी बायकोसमोर पांढराशुभ्र शर्ट घालून उभा! तोच शर्ट — खिशाची शिवण तीच, मी नीट बघितली. अहो, चिखल आधी वाळू द्यावा लागतो, मग झटकायचा, मग थंड पाणी, मग साबण. आणि रक्त म्हणे संध्याकाळपर्यंत लालभडक! आमच्या लाँड्रीत येऊन बघा म्हणावं, कसं तपकिरी पडतं ते. खलनायक मेला तेव्हा मागचा एक माणूस शिट्ट्या मारत होता. मला त्याचीही किळस आली. शिट्टीबरोबर थुंकी उडते.

बाहेरच्या फलकावर 'सूड' मधला सू ऱ्हस्व. एवढा पैसा ओततात, एक उकार नीट काढवत नाही!

ताई नव्हती. पडद्यावरच्या बाजारातल्या गर्दीत शोधली, पार्टीत शोधली, शेवटी कोर्टातल्या बाकांवर शोधली. नव्हती.

१३ जानेवारी

आईने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. ती पुन्हा कांदा चिरायला लागली.

१९ जानेवारी

सापडली!

चित्रपट मात्र ओकारी येईल असा. प्रेमाचा. हिरॉइन उशीत तोंड खुपसून रडते — काजळ, लाली, सगळं लावून — आणि उशीचा अभ्रा कोरा करकरीत! हिरो तिच्या मागे मागे फिरतो, ती तीनदा नाही म्हणते, चौथ्यांदा तो तिच्या खिडकीखाली झोपतो आणि ती हो म्हणते. आमच्या दुकानासमोर असा कोणी झोपला असता तर बाबांनी वरून बादली ओतली असती. त्या माणसाला वासही येत नाही का कधी? त्याच स्वेटरमध्ये गाणं, त्याच स्वेटरमध्ये मारामारी, त्याच स्वेटरमध्ये मिठी. शी.

पण स्टेशनच्या दृश्यात ताई आहे. डावीकडून आली, हातात सुटकेस, उजवीकडे गेली. थोड्या वेळाने तीच ताई, तीच सुटकेस, पुन्हा डावीकडून! म्हणजे मागून वळसा घालून परत चालायला लावलं असणार. इतका आळस! गर्दीला माणसं कमी पडली तर तीच माणसं पुन्हा वापरायची. मला राग आला आणि बरंही वाटलं, दोनदा दिसली म्हणून. चालते अजून तशीच, डावा खांदा पाडून.

आईला मागच्या खोलीत जाऊन सांगितलं.

"बरी दिसते का?"

"चालत होती."

"अरे, चालत होती म्हणजे काय! अंगाने कशी आहे?"

"कोट होता अंगात. कळलं नाही."

"तुला डोळे कशाला दिलेत रे? तिचा चेहरा बघायचा सोडून उशीचे अभ्रे बघतोस!"

२० जानेवारी

आज कोटवाल्या बाई आल्या. म्हणजे प्रकरण पुन्हा वर आलं. एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यात भोवरा फिरायचा थांबेल.

तीन वर्षांपूर्वी इथे शूटिंगवाले आले होते. गर्दीत उभं राहायला माणसं हवी होती, पण अट अशी, की चांगले कपडे स्वतःचे घालून यायचे. ताईकडे चांगले कपडे कुठले? आमच्या दांडीवर मात्र गावभरचे. तिने या बाईंचा करडा लांब कोट उचलला, दिवसभर घालून उभी राहिली, रात्री ब्रशने साफ करून, वाफ देऊन, पुन्हा दांडीवर टांगला. आला त्याहून स्वच्छ! कुणाला कळलं नसतं. पण बाई बहिणीबरोबर तो चित्रपट बघायला गेल्या आणि पडद्यावर त्यांना त्यांचा कोट दिसला. एक बटण त्यांनी स्वतः लावलेलं, वेगळ्या रंगाचं. भर थिएटरमध्ये उठून ओरडल्या म्हणे — "अगं, माझा कोट!"

बाबांचं एकच म्हणणं असतं — गिऱ्हाइकाचा कपडा म्हणजे गिऱ्हाइकाचं अंग. त्या दिवशी ते ताईला म्हणाले, "दुसऱ्याच्या अंगात शिरायचं तर घराबाहेर जाऊन शिर." त्यांना वाटलं रडेल. ती गेली. मोठ्या शहरात, तसलंच काम करायला. पत्ता आईकडे आहे. बाबांनी कधी विचारला नाही आणि आईने आपणहून सांगितला नाही.

तर आज बाई पावती देताना हसत हसत म्हणाल्या, "काय हो, यंदा माझा कोट कुठल्या चित्रपटात आहे?"

बाबांनी कोट घडी करून दिला. "नाही बाई. यंदा तो घरीच होता."

त्या गेल्यावर इंजिन हळूच फुसफुसला. इंजिन म्हणजे आमचा इस्त्रीवाला, तोंडाने वाफ सोडत काम करतो म्हणून. चित्रपटाचं भयंकर वेड. मला मास्तर म्हणतो, मी नववीत शाळा सोडली तरी. कारण पावत्या मी लिहितो.

"मास्तर, ताईसाहेब दिसल्या म्हणे?"

"हळू बोल!"

"चित्रपट कसा आहे?"

"टाकाऊ."

"तुम्हाला कधी एखादा आवडलाय का हो? इतकं नाक मुरडता, एक दिवस वाकडंच राहील."

बाबा बाहेरून म्हणाले, "इथे कपडे धुतात. सिनेमे नाही." इंजिनने इस्त्री उचलली, मी पावत्या.

२६ जानेवारी

आजचा सगळ्यांत घाणेरडा. बाप मुलीला घराबाहेर काढतो. मध्यंतर. मग एक गाणं, त्यात बाप तिची लहानपणची चप्पल छातीशी धरून बसतो — चप्पल, छातीशी! — आणि गाणं संपायच्या आत दार उघडून रडत तिच्यामागे धावत सुटतो. धावत! माझे बाबा बससाठीसुद्धा धावत नाहीत. बस गेली तर गेली, दुसरी येईल म्हणतात.

लोक हुंदके देत होते. शेजारच्या माणसाने बाहीला नाक पुसलं. मला उठून ओरडावंसं वाटलं, की असं काही होत नाही! बाप गाण्याने विरघळत नाहीत. दोन वर्षं झाली, आमच्याकडे तिचं नावसुद्धा निघत नाही.

ताई नव्हती. बरं झालं. असल्या चित्रपटात नसलेलीच बरी.

२ फेब्रुवारी

ताईचा फोन लागत नाही. आई दर आठवड्याला इंजिनच्या फोनवरून तिच्याशी बोलते, कपडे वाळत घालायच्या गच्चीवर जाऊन. बाबांना हे माहीत नाही असं आम्ही सगळे धरून चालतो. गेला आठवडा फोन बंद. आजही बंद.

आई म्हणाली, "मागच्या वेळी खोकत होती रे."

मला आधी का नाही सांगितलं?

३ फेब्रुवारी

बंद.

५ फेब्रुवारी

बंद. इंजिन म्हणाला, "मास्तर, फोन पाण्यात पडला असेल. माझा पडला होता, बादलीत." त्याचं ऐकून तासभर बरं वाटलं. मग वाटलं, पाण्यात पडला तर दुसऱ्याच्या फोनवरून करता येतो की.

मी आईला म्हटलं, बाबांना सांगू या. ती म्हणाली, "सांगून काय? 'तिचं ती बघेल' म्हणाले तर? ते वाक्य मला ऐकायचं नाही." तिचं बरोबर आहे. मलाही ऐकायचं नाही.

९ फेब्रुवारी

अक्षर वाईट येतंय. तरी लिहितो.

हॉस्पिटलचा चित्रपट. सुरुवातीपासूनच किळसवाणा. डॉक्टर हातमोजे घालून स्वतःचं नाक खाजवतो आणि त्याच हाताने ऑपरेशन. नर्सचे कपडे इतके घट्ट, की वाकली तर शिवण उसवेल. भिंतीवर 'शांतता राखा' आणि खाली सगळे बोंबलतायत. मी मनातल्या मनात हे सगळं इथे लिहायला जुळवत होतो. हसूही येत होतं.

मग शवागार. एका टेबलावर चादर पांघरलेली बाई. नुसते पाय बाहेर. डॉक्टर येतो, रडतो, कॅमेरा पायांवर.

करंगळीशेजारचं बोट करंगळीवर चढलेलं. आईचं तसंच आहे. माझंही.

पायाच्या अंगठ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. आम्ही कपड्यांना बांधतो तशी.

मी उठून बाहेर पळालो. दारात खुर्च्या दाखवणारा बॅटरीवाला म्हणाला, "काय साहेब, भूत बघितलं का? भूत मध्यंतरानंतर आहे!" मी पायऱ्यांवर बसलो आणि ओकलो. मग माझ्याच रुमालाने पायरी पुसली.

१० फेब्रुवारी

ते नाटक आहे. झोपून राहायचे पैसे मिळतात. मला माहीत आहे. पोटाला माहीत नाही.

११ फेब्रुवारी

आईने विचारलं. "हॉस्पिटलच्या चित्रपटात होती का?"

"होती."

"काय करत होती?"

"झोपलेली. पेशंट."

"पेशंट?" तिचा चेहरा पडला. "म्हणजे खरंच आजारी?"

"अगं, नाटकातली पेशंट!"

"चेहरा कसा दिसत होता?"

"छान," मी म्हटलं. चेहरा दाखवलाच नव्हता.

आज कपड्यांना चिठ्ठ्या बांधताना इंजिनला म्हटलं, तू बांध. तो म्हणाला, "माझं अक्षर लावायला बसले तर गिऱ्हाइकं दिवसभर इथेच राहतील." पण बांधल्या. मग मला निम्म्या पुन्हा लिहाव्या लागल्या.

१४ फेब्रुवारी

आज पुन्हा त्या थिएटरपर्यंत गेलो. पुन्हा बघितलं तर भीती जाईल असं ठरवून. रांगेत उभा राहिलो आणि खिडकीपाशी आल्यावर परत फिरलो. मागची बाई म्हणाली, "अरे, घ्यायचं नव्हतं तर उभा कशाला राहिलास!" रास्त आहे.

आणि ते चित्रीकरण आहे तरी कधीचं? वर्षापूर्वीचं असेल. म्हणजे ती तेव्हा मेलेली नव्हती एवढंच कळतं, आणि तेही मी नीट बघितलं नाही. असल्या कलेचा उपयोग काय? जे हवं ते सोडून सगळं दाखवतात.

घरी आलो तर बाबा दुकानात नव्हते. इंजिन म्हणाला, साबण आणायला गेलेत. संध्याकाळी आले, रिकाम्या हाताने. परवाही तसंच झालं होतं. मी म्हटलं, "साबण मिळाला नाही का?"

"भाव चढलाय."

बाबांनी आयुष्यात कधी साबणाच्या भावाला हूं की चूं केलेलं नाही. म्हातारे होतायत, दुसरं काय.

१७ फेब्रुवारी

अजून बंद.

जेवायला बसलो. आईने वाढलं. बाबा ताटाकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही असं, म्हणाले, "हॉस्पिटलच्या चादरीला एवढी नीळ कोण घालतं? पांढरी दिसायची सोडून आजारी दिसते."

आई म्हणाली, "कुठलं हॉस्पिटल? आपल्याकडे कधी आलं हॉस्पिटलचं काम?"

बाबांनी पाणी मागितलं. ग्लास समोरच होता.

चादरीचं मी कुणाला बोललो नव्हतो. आईला नाही, इंजिनलाही नाही. आणि खरंच — नीळ जास्त झाली होती. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळी बाबा म्हणाले, "साबण आणायला चाललोय. तूही चल."

दुपारचा खेळ. पडद्यापासून दुसरी रांग. बॅटरीवाल्याने बाबांना न विचारताच त्यांची खुर्ची दाखवली. शवागार आलं तसे मी डोळे मिटले. बाबांनी माझं मनगट धरलं. "पायाकडे बघू नकोस. छातीकडे बघ. लांबून दिसत नाही, इथून दिसतं."

चादर वर होत होती, खाली होत होती. डॉक्टर ऊर बडवत होता आणि प्रेत आरामात श्वास घेत होतं! इतकं गचाळ काम मी आजवर बघितलेलं नाही. आजूबाजूला सगळे रडत होते आणि बाबा हसत होते. मीही.

बाहेर पायऱ्यांवर मी म्हटलं, "बाबा, पण हा श्वास जुना आहे. वर्षापूर्वीचा."

"माहीत आहे रे. म्हणून तर निघालोय."

घरी येऊन त्यांनी पत्ता मागितला. आईने तो तोंडपाठ म्हटला. बस कोपऱ्यावरून वळत होती — बाबा धावले.