सात नंबरचा पिवळा दिवा

२ मार्च, सोमवार

परत लागला! सात नंबरच्या बसचा पिवळा दिवा — एबीएसचा. शुक्रवारी उजव्या मागच्या चाकाचा सेन्सर काढला, पुसला, चाकाबरोबर फिरणाऱ्या दात्यांच्या कड्याला टेकेपर्यंत आत ठोकला. दिवा गेला. आज साबाम दाजी परापातहून आले ते खिडकीतूनच ओरडत — "तोगार, तुझा पाहुणा परत आलाय रे!"

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचा, तिउर्माचा नवरा. सात नंबर तेच चालवतात. इथून सियांतारपासून खाली परापातच्या तळ्यापर्यंतची ती सगळी वळणं, तो सगळा उतार. त्यांना सगळ्याचीच मजा वाटते. मला नाही वाटत. रस्ता ओला असला आणि ब्रेक दाबल्यावर चाक अडकलं, तर ते सोडवायला एबीएस नसणार. बस सरळ कठड्याकडे.

३ मार्च

चाक उचललं, हाताने फिरवलं, मीटर लावला. डावं — पाऊण व्होल्ट. उजवं — जेमतेम एक दशांश. तार धडधाकट आहे, वाकवून ओढून बघितली. सेन्सर दोन मिलिमीटर मागे सरकलेला! आत ठोकला, की लगेच पाऊण व्होल्ट. नवा सेन्सर घातला, दाजी एक फेरी मारून आले — तोही मागे.

कोण ढकलतंय त्याला?

४ मार्च

उद्या सरकारी तपासणी. दिवा लागलेला दिसला तर गाडी नापास. दुपारी मामा गॅरेजात आले. गाड्या, गॅरेज सगळं त्यांचंच.

"बल्ब काढ."

"मामा, एक दिवस द्या. कारण सापडतंय."

"दिव्याने गाडी थांबते का ब्रेकने?"

"पण ब्रेकचंच काहीतरी—"

"तुझी आई वर बसलीय. तिला विचारून ये, मामाने कधी तुझ्या वाईटाचं सांगितलं का."

झालं. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा. मामांनी आणलं, शिकवलं, मीटर हातात दिला. आई अजून त्यांच्याच माडीवर राहते. आमच्यात आईच्या भावापुढे आवाज चढवत नाहीत. चढवला की पुढे घरात काहीही होवो, आजारपण, अपघात, शेत बुडणं — सगळं त्या एका शब्दावर ढकलतात.

बल्ब काढला. खिशात आहे.

५ मार्च

पास! तपासणारा गाडीत चढला आणि उतरला. दाजींनी ओढत ताडी प्यायला नेलं. "दिवा गेला! काय केलंस शेवटी?"

"सेन्सर बदलला."

"म्हणजे बरी झाली गाडी?"

"हो."

किती सहज निघालं ते "हो".

६ मार्च

पाऊस. सात नंबर चारला आली. तोवर मी पाच वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो.

७ मार्च

दाजींना सांगितलं तर ते मामांशी भांडणार. भांडले तर नोकरी जाणार, तिउर्मा माझ्यावर तोंड टाकणार, आई मामांच्या घरात मान खाली घालून जेवणार. नाही सांगितलं तर — ते तर लिहवतही नाही. मामांच्या आणखी दोन गाड्या आहेत, त्यांची कामं पडलीत. हात चालत नाहीत. पाना उचलतो, ठेवतो.

८ मार्च, रविवार

चर्चनंतर सगळे मामांकडे जेवायला. हळद-तिरफळ घातलेला मासा. तिउर्मा म्हणाली, मंगळवारी पोरीला घेऊन परापातला नणंदेकडे जातेय, ह्यांच्याच गाडीने.

"नको जाऊस," मी म्हटलं.

"का?"

"पाऊस आहे."

"मग? बसला छप्पर नाहीये होय?" सगळे हसले. दाजी हसले नाहीत, पोरीच्या ताटातले काटे काढत होते.

मामांनी मान वर न करता माशाचं डोकं उचललं आणि माझ्या ताटात वाढलं. मानाचं डोकं! आई केवढी खूश झाली. मी खाल्लं. सगळं खाल्लं.

९ मार्च

कळलं! आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटतंय.

इतके दिवस चाक फिरवून बघत होतो. आज उचललं, वरखाली धरलं, खाली पहार लावून हलवलं. खट्. पुन्हा हलवलं. खट्. बेअरिंग गेलंय. ओझ्याखाली, वळणावर चाक डुलतं आणि डुलताना ते दात्यांचं कडं सेन्सरला मागे ढकलतं. सेन्सरला काही झालेलं नाही. चाक निखळायच्या वाटेवर आहे. दिवा तेवढा एकटाच खरं सांगत होता, आणि तोच मी खिशात घालून फिरतोय.

धावत मामांकडे गेलो. मेदानहून बेअरिंग यायला तीन दिवस, म्हणाले, तोवर गाडी उभी ठेवायची नाही. "चाकं डुलताना मी तुझ्या जन्माआधीपासून बघतोय."

"उद्या तिउर्मा बसतेय त्यात. पोर बसतेय!"

"मग हळू चालव म्हणावं तुझ्या दाजीला."

१० मार्च, मंगळवार

फटफटताना गेलो. जॅक लावला, चाकं काढली, हब उतरवला. बेअरिंग ताडपत्रीवर मांडलं. रोलर जळून निळे पडलेले, बाहेरच्या कड्याला आरपार तडा.

सहाला दाजी आले. मागून पोरीला कडेवर घेऊन तिउर्मा. प्रवासी पोती, कोंबड्या घेऊन उभे. मग मामा.

"चाक बसव."

"नाही बसवणार."

आवाज माझाच होता! थांबेना. सगळ्यांसमोर सांगितलं — गाडी बरी झाली नव्हती, मी दिव्याचा बल्ब काढला. मामांनी सांगितलं, पण हात माझा. बल्ब खिशातून काढून ताडपत्रीवर ठेवला.

दाजींनी बेअरिंग हातात घेतलं, तड्यावरून अंगठा फिरवला. तिउर्माने माझ्याकडे असं बघितलं की — जाऊ दे. पोरीला घट्ट धरून चालती झाली.

मामा म्हणाले, "आजपासून मला मामा म्हणायचं नाही." माडीवरची खिडकी लागली. आईने लावली.

११ मार्च

पाद्रीबाबांच्या पडवीत राहतोय. भूक लागली! आठवड्याभरात पहिल्यांदा.

१२ मार्च

दाजी आले. पायरीवर बसले. म्हणाले, "बल्ब काढलाय हे मला तपासणीच्या सकाळीच कळलं होतं. किल्ली फिरवली की तो दिवा तीन सेकंद लागतोच. नाही लागला."

"मग ताडी पिताना का विचारलंत?"

"तू सांगशील म्हणून."

"आणि गाडी का चालवलीत?"

"तुझ्या मामांपुढे तुझं तोंड उघडत नाही, तसं माझंही नाही उघडत."

"तिउर्माला, पोरीला बसवणार होतात!"

"तू अडवशील असं वाटलं होतं."

मी नसतं अडवलं तर? मी विचारलं नाही.