एकेचाळीस शिवराया आणि चिंचेचा कोळ

मी, मीनाक्षी श्यामकांत आगटे, वय वर्षे एकाहत्तर, सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त रसायनतज्ज्ञ, राहणार डमडम, कोलकाता, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते नाही, असं घरात ज्यांचं मत आहे त्यांनी सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला वाचावा. येत्या अठरा तारखेला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे, म्हणून ही घाई. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मरायला सवडच नव्हती.

१. डमडमचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. माझे यजमान श्यामकांत यांनी त्यात हयातभर राहावं. सॉल्ट लेकला मुलाकडे सोयीचं पडेल, असल्या सबबीवर त्यांना कोणी हलवू नये. त्यांच्यानंतर फ्लॅट सुश्रुत आणि विनीता या माझ्या दोन्ही मुलांना समान.

२. बँकेतली रक्कम यजमानांना, दागिने विनीताला. हे मृत्युपत्र अमलात आणायचं कामही विनीताचंच, कारण ती वाद घालते आणि शेवटपर्यंत घालते.

३. आता शिवराया, ज्यांच्यापायी हे सगळं लिहायची वेळ आली. माझ्याकडे शिवाजी महाराजांच्या आणि पुढे पेशवाईच्या काळातली एकशे चार तांब्याची नाणी आहेत. पहिली बारा मी लग्नाआधी साताऱ्याच्या एका तांबटाकडून, वितळवायला ठेवलेल्या ढिगातून वजनावर उचलली. सासूबाई त्यांना भंगार म्हणत. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे दत्तात्रय लोंढे म्हणाले होते, "वहिनी, बायकांना काहीतरी डब्यात भरून ठेवायची हौसच असते." लोंढे आत्ता साक्षीदार म्हणून माझ्यासमोर बसले आहेत. त्यांनी हे कलम दोनदा वाचावं आणि मग सही करावी.

तांब्यावर वर्षानुवर्षांनी जो तपकिरी थर चढतो, तोच खालच्या धातूला राखतो. त्या गडद रंगावरच अक्षरं उठून दिसतात. तो थर जपण्यात माझी पंचेचाळीस वर्षं गेली, तीही या शहराच्या दमट हवेत, जिथे पापडसुद्धा दोन दिवस कुरकुरीत राहत नाही.

४. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होते. आमच्या घरी दिवाळीआधी देवाची तांब्यापितळेची भांडी यजमान घासतात. चिंचेचा कोळ, मीठ आणि त्यांचा अंगठा. बँकेत मॅनेजर असतानाही हे काम त्यांनी कुणाला दिलं नाही. मी लक्ष्मीपूजनाला घरी आले, तर पाटावर तबकात एकेचाळीस शिवराया, नव्या नळासारख्या गुलाबी, चकचकीत.

"बघ तरी, कशा लखलखीत निघाल्या! दोन दिवस बसलो होतो," हे म्हणाले.

"अहो, काय करून ठेवलंत हे!" मी ओरडले आणि मग रडले. पूजा तशीच राहिली. सुश्रुत म्हणाला, "आई, बाबांनी प्रेमानं केलं ना? सणाच्या दिवशी सॉरी म्हण आणि संपव."

प्रेमानं केलं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. त्यांच्या अंगठ्याचं सालटं निघालं होतं. तरीही मी माफी मागितली नाही, आज मागत नाही आणि माझ्या फोटोसमोर उभं राहून कुणी माझ्या वतीने मागू नये.

५. उरलेल्या त्रेसष्ट शिवराया, भिंग आणि लहान तराजू यांसह, माझी प्रयोगशाळेतली मैत्रीण तपती लाहिडी, राहणार बालीगंज, हिला देते. सुश्रुतला त्या प्लास्टिकच्या अल्बमात लावायच्या आहेत. मऊ प्लास्टिकने तांबं हिरवं पडतं, हे त्याला चारदा सांगून झालं. यजमानांनी परवाच मागितल्या. "माझ्याकडे ठेव, हात लावणार नाही," म्हणाले. त्यांचा शब्द खरा असतो, पण दिवाळी आली की हात ऐकत नाहीत. मला ऑपरेशनची भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती ही, की मी गेले तर येत्या दिवाळीला या त्रेसष्टही उजळून निघतील.

तपतीला सूचना: प्रत्येक नाणं आम्लविरहित कागदाच्या स्वतंत्र पाकिटात. पाकिटं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, तळाशी ओल शोषणारे निळे खडे. खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घ्यायचे. लाकडी कपाटात बरणी ठेवायची नाही. नाणं कडेनेच धरायचं, सुती हातमोजे घालून. आणि तपती, इलिश मासा खाल्ल्या दिवशी हातमोजे घालूनही नाही. एखाद्यावर हिरवी भुकटी दिसली तर ते लगेच बाकीच्यांतून बाजूला काढायचं. कोणी घासून देतो म्हणाला तर त्याला चहासुद्धा विचारायचा नाही.

६. घासलेल्या एकेचाळीस शिवराया मी यजमानांना देते. त्या विकायच्या नाहीत, मुलांत वाटायच्या नाहीत. रोज एक पाकीट उघडून नुसतं बघायचं, बोट लावायचं नाही. त्यांच्यावर पुन्हा एकसारखा तपकिरी रंग चढायला निदान पंचवीस वर्षं लागतील. आज तुम्ही शहात्तर वर्षांचे आहात. रंग पुरता चढेपर्यंत माझ्यामागे यायचं नाही. त्याआधी आलात, तर मी दार उघडणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली. तपती लाभार्थी आहे, म्हणून तिची सही घेतलेली नाही. यजमान वाचन चालू असताना उठून गॅलरीत गेले.

सही: मीनाक्षी श्यामकांत आगटे

साक्षीदार:
१. दत्तात्रय लोंढे, सॉल्ट लेक (कलम तीन दोनदा वाचले)
२. डॉ. अनुराधा भागवत, डमडम

स्थळ: डमडम, कोलकाता
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५